पाटाच्या कडेची लिंबोणी

हे मला आत्ताच सांगायचंय. मुक्कामाला पोचून, हातपाय धुऊन, नीट बसून वगैरे नाही, आत्ताच, या गाडीतच. कारण गाडी परंड्याला पोचली की सोनारीची जीप मिळायला वेळ लागत नाही आणि सोनारीत आत्या वाट बघत बसलेली असणार. कुर्डुवाडीला रेल्वेतून उतरले, एसटी लागलेलीच होती, खिडकी मिळाली आणि बसल्या बसल्या फोनवर टायपायला घेतलं. खड्डा आला की अक्षरं इकडची तिकडं होतायत, समजून घ्या. इथं तुमच्यासाठी शाळेचं लिहून झालं, मैत्रिणींचं झालं, हेच एक मागं मागं ठेवत आले होते. पण काल आत्याचा फोन आला. आत्या स्वतःहून कधी फोन करत नाही. आपण केला तरी "बरी हाय, तू जेवलीस का" एवढं बोलून फोन शेजारच्या बाईच्या हातात देते. काल तिनं मुद्दाम लावून घेतला आणि विचारलं, "शिते, माझी लिंबोणी कशी हाय गं?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी म्हणलं, उद्या येतेच आहे, आल्यावर सांगते. तर आता मला ठरवायचंय की तिला काय सांगायचं, आणि त्यासाठी सगळं पहिल्यापासून आठवावं लागणार आहे.

आम्ही ईटच्या अलीकडं वस्तीवर राहायचो, म्हणजे गावात नाही, रानातच. घरात चारच माणसं. अण्णा म्हणजे माझे वडील, आई, मी आणि आत्या. आत्या अण्णांची थोरली बहीण. तिचं लग्न झालं होतं आणि ती परत आली होती. का आली ते घरात कुणी बोलायचं नाही, मलाही शेवटपर्यंत कळलं नाही आणि आता विचारावंसंही वाटत नाही. अण्णांना तिनं कडेवर घेऊन वाढवलेलं, म्हणून अण्णा तिला अक्का म्हणायचे आणि तुमी म्हणायचे. आईपण तसंच. मी मात्र तिला अगंतुगं करायचे, कारण माझी वेणी तीच घालायची, आणि ज्या बाईच्या गुडघ्यात डोकं अडकवून रोज सकाळी ओरडायचं तिला अहोजाहो कसं करणार. आत्या उंच, काळी, दात मिश्रीनं काळे झालेले, आणि बोलायला अशी की आई भाकरी थापता थापता हसून लवंडायची. अण्णा दिवसभर उसात असायचे तर ती आईला म्हणायची, "तुझा नवरा उसासारखाच लांबडा झाला बग, गोडी तेवढी राह्यली." अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि पाण्याचा तांब्या उगाच दोनदा उचलायचे.

तर पाट. ज्यांनी पाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची विहीर रानाच्या वरच्या अंगाला. मोटर सुरू झाली की पाणी सिमेंटच्या हौदात पडायचं आणि हौदातून मातीचा पाट निघायचा, वाकडातिकडा, उताराउतारानं थेट खालच्या बांधापर्यंत. त्या पाटातून सऱ्यांना पाणी द्यायचं. एक सरी भरली की खोऱ्यानं तिचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढचीचं फोडायचं, याला दारं धरणं म्हणतात. आई आणि अण्णा आळीपाळीनं दारं धरायचे, पाय पोटरीपर्यंत चिखलात. आणि पाटाला पाणी येतानाचा आवाज! आधी काहीच नाही, मग कोरड्या पाल्यात कुणीतरी बोटं फिरवल्यासारखी सळसळ, मग पाण्याचं तोंड दिसायचं. ते पाणी स्वच्छ नसायचंच, तोंडावर काड्या, उसाचं पाचट, मुंग्या, किडे असं सगळं ढकलत यायचं. मागोमाग बगळे. आत्या म्हणायची, हे बगळे म्हणजे पांढरे कपडे घातलेले सायेब, काम कायबी न्हाय, जेवायच्या वक्ताला बरोबर हजर.

आता महत्त्वाचं. मातीचा पाट म्हणजे तो झिरपणारच. दोन्ही कडांना हातभर जमीन कायम ओली, आणि त्या ओलीवर जे उगवेल ते आत्याचं. हा आमच्या घरातला कायदा. आत्या परत आली तेव्हा माझे आजोबा होते. त्यांनी तिला जमीन दिली नाही, आमच्याकडं तेव्हा लेकीला जमीन द्यायचा विचारसुद्धा कुणाच्या डोक्यात यायचा नाही. पण त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पाटाच्या दोन्ही कडा आजपासून अक्काच्या, तिथं कुणी हात लावायचा नाही. आमच्या भागात पाटाकडंचं माळवं घरच्या बायांनीच करायचं असतं, कोथिंबीर म्हणा, मेथी म्हणा, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलं नाही. आत्यानं मात्र त्या दोन कडांचं काय केलं ते बघायला पाहिजे होतं तुम्ही. अळू, चुका, कढीपत्ता, शेवगा, हौदाजवळ कर्दळ, दोन पपया, आणि पाट जिथं वळतो तिथं लिंबोणी. ती आजोबांच्या हातची नाही, आत्यानंच परत आली त्या वर्षी लावलेली. आई म्हणायची, आल्यावर कितीतरी दिवस अक्का कुणाशी बोलली नाही, नुसती त्या रोपाजवळ जाऊन बसायची.

मला कळायला लागलं तेव्हा लिंबोणी चांगली डेरेदार झाली होती. उन्हाळ्यात सगळं रान करपलेलं असायचं आणि तिच्याखाली मात्र गार. खाली बसलं की पाटाचं पाणी पायाला लागायचं. आमची दुपारची जेवणं तिथंच. भाकरी, शेंगदाण्याचं कूट लावलेली चुक्याची भाजी, कांदा, आणि आत्या वर न बघताच हात उंच करून एक लिंबू तोडायची, दगडावर घासून अर्धं करायची आणि सगळ्यांच्या ताटात पिळायची. बाजारादिवशी पहाटेच टोपली भरून ईटला जायची. तिची चप्पल, मिश्री, लुगडं, माझ्यासाठी रेवड्या, सगळं त्या टोपलीतून. ती घरात कुणाकडं काही मागत नव्हती. एकदाही नाही. आईला मिठाची चिमूट लागली तर आई शेजारच्या वस्तीवर मागायची, पण आत्या मागायची नाही, ती तशीच अळणी भाजी खायची आणि म्हणायची, आज जिभेला सुट्टी.

मग पाऊस गेला. एक वर्ष, मग पुढचंही. विहिरीचा तळ दिसायला लागला, गावात टँकर यायला लागला, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी ठिबक. ठिबक बसवा, निम्म्या पाण्यात ऊस येतो. हे खोटं नव्हतं हं. मला आजही कुणी विचारलं तर मी ठिबकच बसवा म्हणते. मी नंतर कृषी पदविका केली, आता पुण्याजवळ एका रोपवाटिकेत आहे, दिवसभर हेच बोलते. मोकाट पाण्यानं आमचं खालचं वावर चिबडलं होतं, पाणी मुरायचं नाही, उन्हाळ्यात वर पांढरा खार फुटायचा, तिथं गवतसुद्धा नीट येत नव्हतं. अण्णांना ते रोज दिसत होतं. त्यामुळं अण्णांनी ठिबक आणलं यात चूक काही नव्हती, आणि जेव्हा टेम्पोतून काळ्या नळ्यांची वेटोळी उतरली तेव्हा सगळ्यात जास्त नाचले ती मीच. फिल्टर, घड्याळासारखा प्रेशरचा काटा, खत सोडायची टाकी, काय काय! आत्यानं एक नळी कानाला लावून बघितली आणि म्हणाली, "ह्यातून पाणी येतंय का फोन?"

पहिल्या वर्षी खरंच कमाल झाली. आईचे पाय कोरडे झाले. म्हणजे खरंच, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या टाचांच्या भेगा बुजल्या, ती संध्याकाळी पाय पसरून बसायची आणि आपल्याच पायांकडं बघायची. ऊस जोरात. मोटर निम्मा वेळ चालायची. आणि अण्णांनी काय केलं, जे आमच्याकडं प्रत्येकानं केलं तेच केलं. वाचलेलं पाणी वर नेलं. वरच्या माळावर आमची ज्वारी असायची, पावसावरची, तिथं नळ्या टाकल्या आणि ऊस लावला. मोटर परत पहिल्याएवढीच चालायला लागली. पाणी वाचलं म्हणून सगळे खूश होते आणि पाणी कुठंच वाचलेलं नव्हतं. पण हे मी आज लिहितेय. तेव्हा आमच्या घरात हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही, माझ्या नाही, आत्याच्याही नाही.

पाट आता नुसताच कोरडा पडलेला. अण्णांनी तो एक पावसाळा तसाच ठेवला, मग एका सकाळी ट्रॅक्टर आणून मोडला, तिथं उसाच्या चार सऱ्या बसत होत्या. पण आत्याची झाडं तोडली नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी स्वतः पुढं चालून दाखवलं की लिंबोणी, शेवगा, कढीपत्ता सोडून घे. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आत्यासाठी एक वेगळी नळी ओढली. खास तिची. प्रत्येक झाडाच्या बुडाला ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारं बारकं बोंड, लिंबोणीला तर खोडाला वेढा देऊन चार ड्रिपर. उकिडवं बसून, जिभेचं टोक बाहेर काढून, भाऊबिजेची ओवाळणी ताटात ठेवावी तसं एकेक लावत होते. झाल्यावर म्हणाले, "अक्का, आता तुमच्या झाडांना सायबासारखं पाणी. थेंब थेंब, डायरेक तोंडात." आत्या हसली. म्हणाली, "माझ्या झाडांचे लाडच लई."

त्या नळीचा कॉक, म्हणजे पाणी सोडायची चावी, फिल्टरपाशी होता. विहिरीजवळ. एवढीच गोष्ट होती खरं तर. सगळ्या रानाचे कॉक तिथंच होते, एका वेळी एकाच पट्ट्याला पाणी जायचं, नाहीतर प्रेशर पडायचं आणि उसाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचायचं नाही. आत्याचा कॉक सगळ्यात शेवटी. लाइट आठ तास असली तर नंबर लागायचा, मध्येच गेली तर राहायचा. अण्णा मुद्दाम करायचे नाहीत. त्यांच्या ध्यानातच राहायचं नाही. मग आत्या संध्याकाळी फिल्टरपाशी जाऊन उभी राहायची. पहिले काही दिवस ती गमतीत म्हणायची, दिगंबर, माझी लेकरं तान्हेली झोपायलीत बरं का. अण्णा लगेच, अगं बाई, राह्यलंच की, म्हणून कॉक फिरवायचे. मग ती गमतीत म्हणेनाशी झाली. नुसतं म्हणायची, कॉक राह्यला का रे आज. मग तेही नाही, नुसती उभी राहायची. एकदा अण्णांनी सांगितलं की अक्का, तुमीच फिरवत जावा की, कॉक काय कुलपात हाय का. तिनं फिरवला. आईच्या लक्षात आलं की वरच्या उसाला पाणी पोचेना. आई काही वाईट बोलली नाही, हळूच म्हणाली, अक्का, जरा उसाचं व्हू द्या. पण आत्यानं परत त्या कॉकला हात लावला नाही.

आणि लिंबोणी वाळायला लागली. हे कोडं त्या वेळी कुणालाच सुटेना. पाणी थेट बुडाला पडतंय, मग पानं पिवळी का? लिंबं सुपारीएवढीच का राहायलीत? खोडातून डिंक गळायला लागला, चिकट, लालसर. अण्णांना फार लागलं ते. त्यांनी अजून दोन ड्रिपर लावले. बुडाला. खोडाला चिकटून. आज मला त्यांचा तो हात धरावासा वाटतो. कारण जुन्या झाडाचं तोंड बुडाला नसतं, ते लांब असतं, फांद्यांची सावली जिथं संपते तिथं, आणि आमच्या लिंबोणीची सगळी मुळं तर पाटाकडं गेलेली, वर्षानुवर्षं तिकडूनच पाणी पिलेली. ती मुळं कोरड्या मातीत पडली आणि खोड मात्र रोज भिजून कुजत राहिलं. जितकी अण्णांनी माया केली तितकं ते झाड लवकर गेलं. ओल जिथं संपते तिथं मातीवर पांढऱ्या खाराचं कडं उठायचं. आत्यानं एकदा बोट लावून जिभेला लावलं आणि थुंकली. बाकीचं तर त्याआधीच गेलं होतं. अळू, चुका, कोथिंबीर यांना ड्रिपर कोण लावणार, ती ओलीवरच यायची. बाजाराची टोपली आईनं एक दिवस कोंबड्यांच्या पिलांवर झाकायला घेतली. आत्या बघत होती. माझी टोपली दे असं काही म्हणाली नाही.

त्याच उन्हाळ्यात बब्रुवान काका आले. ते आमच्या खालच्या अंगाचे, त्यांचं रान आमच्या बांधाला लागूनच. म्हातारं माणूस, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले, चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाले की इहीर पार आटली. आजवर कधी आटली नव्हती. तुमचा पाट बंद झाल्यापासनं वरच्या बाजूचा झराच बंद झाला. अण्णांना ते आरोपासारखं वाटलं. म्हणाले, "काका, तुमच्या इहिरीत माझं पाणी यायचं म्हंजे ते माझं वायाच जायलं व्हतं की."

बब्रुवान काकांनी टोपी झटकली. "वाया न्हाय, दिगंबर. आमच्यात जायलं व्हतं."

ते भांडायला आलेच नव्हते. उठले, आईला चहा चांगला झाला म्हणाले आणि गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी बोअर घेतला, चांगला खोल. मग त्यांच्या शेजाऱ्यानं अजून खोल. मग अण्णांनी विहिरीतच बोअर मारला. सगळ्या शिवारात बोअर मारायच्या गाड्यांची घरघर आणि पांढऱ्या भुकटीचे ढीग. बगळे त्या वर्षी आलेच नाहीत. कुठं येणार, उघडं पाणी होतं कुठं? नळीतून पडलेला थेंब बघायला बगळा कशाला येतो?

आता मुख्य सांगते. गाडी रिकामी व्हायला लागलीय, परंडा जवळ आलं असणार.

आत्यानं फिल्टरपाशी उभं राहणं बंद केलं आणि घागरीनं पाणी वाहायला सुरुवात केली. म्हशींच्या हौदातून घागर भरायची आणि लिंबोणीला नेऊन घालायची. चढ होता, वय झालेलं, आणि उन्हाचा कहर. मी सुट्टीत होते, मी कळशी घेऊन मागं जायला लागले तर मला रागावली, तू अभ्यास कर म्हणाली. रस्त्यानं जाणाऱ्या बाया बघायच्या. शेवटी गावातल्या कुणीतरी अण्णांना पारावर विचारलं, काय दिगंबरराव, एवढं ठिबक बसवलं आन् बहिणीला घागरीनं पाणी व्हय? अण्णा तसेच घरी आले. दुपार होती, आई ताक करत होती, मी जात्याजवळ बसले होते, आत्या घागर घेऊन दारातून निघालेली. अण्णांनी तिच्या हातातली घागर धरली. ओढली नाही, नुसती धरली. म्हणाले, अक्का, गावात माझं तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाय तुमी. आत्या म्हणाली, गावाचं काय मधी. अण्णांचा आवाज चढला, तो मी कधी तिच्यासमोर चढलेला ऐकला नव्हता.

"म्या कधी तुमाला न्हाय म्हणलो का? एकदा तरी? सांगा, ह्या पोरीसमोर सांगा."

आत्यानं घागर सोडली. ती अण्णांच्याच हातात राहिली.

"न्हाय म्हणला न्हाईस बाबा," ती म्हणाली. "कधीच न्हाय म्हणला न्हाईस. पर इचारावं लागतंय की रे. रोज इचारावं लागतंय. पाटाचं पाणी मला कधी इचारायला लावत नव्हतं."

अण्णांना हे कळलंच नाही. ते अजून चिडले, मग मी कॉक तुमच्या खोलीत आणून बसवू का, असं काहीतरी बोलले, मग एकदम खाली बसले आणि घागरीच्या काठाला कपाळ टेकवलं. आत्यानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, लहान पोराच्या ठेवतात तसा. आई रवी धरून तशीच. मला वाटलं मिटलं. खरंच वाटलं. रात्री सगळे एका जागी बसून जेवलो, पिठलं होतं, आत्यानं अण्णांना आग्रह करून वाढलं.

सकाळी तिची पिशवी भरलेली. सोनारीला तिची एक मावसबहीण काळभैरवाच्या देवळापुढं नारळ-फुलं विकते, एकटीच असते, तिला सोबत पाहिजे म्हणाली. किती दिवस म्हणून विचारलं तर म्हणाली, बगू. अण्णा गाडीवर सोडायला निघाले, ती नको म्हणाली, चालत फाट्यापर्यंत गेली. मी तिच्याबरोबर गेले. वाटेत लिंबोणी लागली. मला वाटलं ती थांबेल, हात लावेल, निदान बघेल. ती माझ्याशी माझ्या दहावीबद्दल बोलत राहिली, गणिताला घाबरू नको म्हणाली, आणि सरळ पुढं गेली.

ती परत आलीच नाही. अण्णा दर दिवाळीला, दर पंचमीला आणायला जातात. ती त्यांना चहा करते, भजी आणवते, शेजारणींना सांगते की हा माझा धाकटा, लई गुणाचा. पण येत नाही. मीही जाते. ती विचारते, दिगंबर वेळंवर जेवतो का, तुझ्या आईचे गुडघे कसे हायत, म्हैस व्यायली का. झाडाबद्दल एक अक्षर नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मी संध्याकाळपर्यंत वाट बघत होते की आता विचारेल, आता विचारेल. नंतर मीही सोडून दिलं. मला वाटायचं ती विसरली असेल, किंवा तिनं ठरवलं असेल. आणि काल अचानक, माझी लिंबोणी कशी हाय गं. आवाज असा होता की जणू सकाळीच पाणी घालून आलीय आणि मध्ये काही झालंच नाही.

मी लगेच घरी फोन लावला. आईनं उचलला. मी विचारलं तर आई म्हणाली, अगं ती कुठं राहिलीय, पार वाळली होती, अण्णांनी यंदा दसऱ्याच्या आधी खोडासकट काढली. मी म्हणलं मला सांगितलं का नाही. आईनं फोन अण्णांकडं सरकवला. मग फोनमध्ये खरखर झाली आणि अण्णांचा आवाज आला. ते आधी पुण्याचा पाऊस, कामाचं, गाडी कितीची, असं सगळं विचारत बसले. मग म्हणाले, "शीतल, अक्काला सांग, हाय म्हणून. चांगली हाय, लिंबं लागलीत म्हणाव."

मी म्हणलं, अण्णा, आणि ती म्हणाली की चल मला दाखव, तर?

ते म्हणाले, "तसं म्हणली तर लगीच घिऊन ये. वाटंतच सांगू नको. आधी घरी येऊ दे तिला, मग म्या सांगतो काय सांगायचं ते."

रात्रभर डोक्यात तेच. आहे म्हणलं तर कदाचित ती येईल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती आमच्या दारात येईल, अण्णा तिला बघतील, आई भाकरी टाकेल, आणि मग ती उठून त्या वळणावर जाईल आणि तिथं ऊस असेल. नाही म्हणलं तर ती "बरं" म्हणेल. मला माहिताय, नुसतं "बरं" म्हणेल, आणि मग आमच्या घरी यायला तिला जगात काही कारणच उरणार नाही. अण्णांना वाटतं ती त्यांच्यासाठी येईल. मला तसं वाटत नाही, पण हे मी त्यांना कसं सांगू.

परंडा आलं. लोक उठलेत, माझ्या मांडीवर कुणाची तरी पिशवी आहे. मला आता उतरावं लागणार आणि मी अजून काही ठरवलेलं नाही. तुमच्यापैकी कुणावर आलीय का अशी वेळ? तुमच्या घरातून असं कुणी निघून गेलंय का, ज्याला कुणी जा म्हणलं नव्हतं, ज्याला कुणी काही नाही म्हणलं नव्हतं? आणि त्यानं मागं राहिलेल्या एकाच गोष्टीबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही खरं सांगितलंत का? सांगितलंत तर ते माणूस परत आलं का?